हेनेखची नक्कल

विद्यापीठातली मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन मेलबर्नच्या त्या घरी आली, तेव्हा सुतकामुळे आरशांवर कापड होतं. हेनेखची म्हातारी बायको सोरे ठेंगण्या स्टुलावर बसून राहिली. ज्यू रिवाजात सुतकाचे सात दिवस आल्यागेल्यासाठी उठायचं नसतं.

"हेनेखआजोबांची यिडिश बोली टेप करायची होती. त्यांच्या गावातले युद्धातून वाचलेले ते एकटेच ना?"

"उशीर केलास, पोरी. मंगळवारी पुरलं त्याला."

मुलगी ओशाळून निघाली.

"थांब. मी व्हिल्ना शहराची, आमची यिडिश कशी स्वच्छ! हा मेला प्रत्येक शब्द ताणायचा, 'ओ'चा 'ऊ' करायचा, वर नाकातून काढायचा. जन्मभर नकला करून छळलंय मी त्याला. विचार तू, त्याच्यासारखं बोलून दाखवते."

टेप सुरू झाली. भाकरी, पाऊस, आई… सोरे एकेक शब्द त्याच्यासारखा लांबवत, नाकात घोळवत गेली. मध्येच तिला हसूही फुटलं.

"आणि जेवायला बसले की तुम्हाला हाक कशी मारायचे?"

"सूंऽऽरे!"

हुबेहूब हेनेख.

"आले रे, आले," म्हणत सोरे स्टुलावरून उठून उभी राहिली.