‘इताबीरा’चं झाकण

झाकण काही उघडेना. तोरिबियोने पुन्हा कुऱ्हाड घातली. ठिणग्या उडाल्या, पातं बोथट झालं, लोखंडावर नुसता ओरखडा उठला.

आमची माणसं ओळखू येऊ नये म्हणून होड्यांवर पाणवेल पसरून पहाटे ‘इताबीरा’ला भिडली होती. उघडीनागडी माणसं, हातात कुऱ्हाडी नि सुरे. त्यांना बघताच ब्राझीलचे खलाशी जहाजाच्या पोटात शिरले आणि वरचं झाकण लावून मोकळे झाले. असलं लोखंडी जहाज आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

“जहाज घेऊन या, नाहीतर येऊ नका,” असं आमच्या किल्ल्यातून बजावलं होतं. किल्ल्यात तरी काय होतं म्हणा! लोक चामडं उकळून खात होते. हे जहाज हटलं तरच नदीने मका येणार होता.

“दादा, त्यांचं दुसरं जहाज वळणावर आलं!” तोरिबियोचा धाकटा भाऊ फेलिसियानो म्हणाला. “छर्रे मारतील. इथं आडोसा कुठाय?”

“मग हाण की! बघत काय बसलास?”

तोरिबियोने धुराड्यात आणि हवेच्या भोकांत ओली पाणवेल ठासून भरली होती. “गुदमरले की झक मारत शरण येतील,” तो म्हणाला.

तेवढ्यात आतून झाकणावर दणके बसू लागले.

“ऐकलंत? चिडवतायत मेले!” म्हातारा इसिद्रो म्हणाला. “माझ्या सासूचं दार असंच. उघडायचं नाही, वर आतून आदळआपट.”



“सगळे इकडं या रे! एकाच जागी घाव घाला!” तोरिबियो ओरडला.

मावतील तेवढे झाकणावर चढले. आतले दणके वाढले, तसा यांनाही चेव आला. फेलिसियानो रडत रडत घाव घालत होता. त्याला जिवंत परत आणीन, अशी तोरिबियोने आईजवळ शपथ घेतली होती.

“उघडा रे! देवाशपथ, कोणाला मारणार नाही! उघडा!” तोरिबियो आतल्यांना ओरडून सांगत होता.

एवढ्या जाड लोखंडापलीकडे कोणाला ऐकू जाणार?

पहिल्या छऱ्यांत इसिद्रो गेला. दुसऱ्या माऱ्यात फेलिसियानो भावाच्या हातातून निसटून पाण्यात पडला. तिसऱ्यानंतर झाकणावर कोणीच उरलं नाही. तोरिबियो कडेला पडला होता, पाय तुटलेला, पण शुद्धीवर.

मग झाकण हललं. खालून वर उचललं गेलं. काळा धूर भसकन बाहेर आला आणि धुरातून एक सळई वर आली. तिच्या टोकाला पांढरा सदरा बांधलेला होता.