वाशाची गाठ

"आजी यायच्या आत कॉफीचं मशीन बंद करा," मॅनेजरबाईंनी स्वयंपाक्याला बजावलं. "तिथं त्यांची चूल होती."

"मग फुंकणी घेऊन बसू का?"

"तोंड बंद ठेवलंत तरी पुष्कळ."

आठवड्यापूर्वी आजोबांचा फोन आला होता. गवती छपराचं हे जुनं शेतघर, आता हॉटेल झालेलं, म्हणजे त्यांच्या बायकोचं माहेर, असं ते म्हणाले. तिची दृष्टी गेली होती. एकदा माहेरी राहायचं, एवढाच हट्ट उरला होता. "काय काय बदललंय ते तिला कळू देऊ नका. जीव तुटेल तिचा." बाई इथं येऊन दोनच वर्षं झाली होती, पण त्यांनी शब्द दिला.

आजी काठी टेकत पायऱ्या चढल्या. "तीनच? पाच होत्या ना हो?"

आजोबा गडबडले.

"अंगणात भर घातली आम्ही," बाई म्हणाल्या. खोटं इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"आणि विहीर?"

"बुजवली गं," आजोबा म्हणाले. "बेडूक फार ओरडायचे."

"तुमच्या घोरण्यापेक्षा बरे!"

व्हरांड्यात छप्पर हाताशी येत होतं. आजींची बोटं गवतावरून वाशावर गेली आणि दोरीच्या गाठीवर थांबली. "छप्पर बाबा स्वतः शाकारायचे." त्यांनी गाठ दोनदा चाचपली.

"बाबांचीच," आजी हसल्या. आजोबांनी हळूच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक्यानं कुणी न सांगता मागच्या अंगणात लाकडं पेटवली. धुराचा वास आत आला तशा आजी म्हणाल्या, "आता कसं घर झालं!"

निघताना आजोबा गाडीत सामान ठेवत होते. आजींनी बाईंचा हात धरून जवळ ओढलं.

"बाबा डावखुरे होते हो. त्यांच्या गाठीचा वेढा उलटा पडायचा," त्या कुजबुजल्या. "आमचं घर केव्हाच पाडलं, भावानं सांगितलंय मला. पण ह्यांना कळू देऊ नका हं. असं छप्पर शोधायला बिचाऱ्यांनी किती गावं पालथी घातली असतील!"