रंगनाथांची झांज

त्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात रंगनाथ पेडणेकरांनी तरुणपणी एकदाच, अगदी शेवटी, मोठी झांज वाजवली होती. चित्रपट कुणालाच आठवत नव्हता, पण रंगनाथांना झांज आठवत होती. आज नवे व्याही यमाजीराव ती ऐकायला खास घरी आले होते.

व्हायोलिनं चढत गेली. रंगनाथ सोफ्यावर पुढे सरकले आणि ऐन क्षणी भिंतीतून बासरी आली.

"काका, तुमची धडधड वाढली, म्हणून दचकवणारा आवाज गाळला," सगळ्यांच्या तब्येतीवर नजर ठेवणारं ते बोलकं स्मार्ट घर मायेनं म्हणालं.

"अगं भवाने, तो दचकवणारा आवाज म्हणजे मी!"

पुन्हा लावलं. झांज जवळ आली की रंगनाथांची छाती धडधडायची आणि छाती धडधडली की बासरी.

"बासरीसुद्धा झकास वाजवता हो पेडणेकर," यमाजीराव म्हणाले.

रंगनाथांनी भिंतीला चप्पल फेकून मारली. घरानं चंदनाचा सुगंध सोडला.

शेवटी बायको शालन म्हणाली, "अहो, तुमच्या काळजापायीच अडलंय सगळं. तुम्ही जरा गॅलरीत जा बघू."

गॅलरीचं दार आवाज न झिरपणारं होतं. काचेतून रंगनाथांना दिसलं, की यमाजीराव टणकन उडाले, चहा सदऱ्यावर सांडला आणि उठून ते टाळ्या पिटू लागले.

"परत लावा! मलाही ऐकू द्या, मेल्यांनो!" रंगनाथ काचेवर दोन्ही मुठी आपटत ओरडले.

आतून दोघांनी हसून हात हलवले.