पुन्हा बघितलेली स्लाइड

"माझ्या स्लाइड तपासणार? तू?" मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच वसीलाने विचारलं.

नजीबा कानकोंडी झाली. हे काम तिला वसीलानेच तर शिकवलं होतं. "मी कुठे म्हणतेय, ताई? नव्या डॉक्टरांचा हुकूम आहे."

सफाक्स शहरातल्या दवाखान्याच्या त्या प्रयोगशाळेत वसीलाची सव्वीस वर्षं एकाच कामात गेली होती. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखावरून घेतलेल्या पेशी न्याहाळायच्या. बिघडलेली दिसली तर खूण करायची, नाहीतर 'निर्दोष' लिहून सही ठोकायची. डॉक्टर लुत्फींनी आल्या आल्या नियम काढला. निर्दोष ठरलेल्या शंभरातल्या कुठल्याही दहा स्लाइड दुसऱ्या माणसाने पुन्हा बघायच्या. वसीलाने आठवडाभर नजीबाशी धड बोलणं टाकलं. चहासुद्धा एकटीने घेतला.

बुधवारी नजीबा एक स्लाइड घेऊन तिच्यापाशी आली. "ताई, ही जरा बघता?"

वसीलाने बघितलं. पुन्हा बघितलं. काठाशी पाच-सहा पेशींचा पुंजका होता. केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही ओळखेल अशी. आणि अहवालावर सही तिचीच.

"चुकले गं मी," ती म्हणाली. मग शेजारची खुर्ची ओढली. "बस. दहाच का? या महिन्याच्या सगळ्या काढ. दोघी मिळून बघू."

ती स्लाइड केरकेना बेटावरच्या मब्रूकाची होती. वय त्रेचाळीस, मासेमारीची जाळी विणणारी. 'निर्दोष'चा कागद तिच्या हातात पडून आठ दिवस झाले होते.

"त्यात काय एवढं!" कारकून रिदा फोन उचलत म्हणाला. "नमुना खराब निघाला, पुन्हा या, असं सांगतो. नेहमीचंच आहे."

वसीलाने त्याच्या हातून फोन घेतला. "मब्रूकाबाई, तुमची स्लाइड आम्ही पुन्हा बघितली. तुमचा कागद चुकीचा गेलाय. चूक माझी. घाबरू नका, कॅन्सर दिसत नाहीये. पण पेशी बिघडायला लागल्यात. आत्ताच लक्ष दिलं तर लहानशा उपचारावर भागतं. या, नक्की या."

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला. मग फोन कटला.

"झालं!" रिदाने कपाळाला हात लावला. "आता नवरा, भाऊ, सगळा गोतावळा घेऊन येईल. दवाखाना डोक्यावर घेतील बघा."

शुक्रवारी सकाळची बोट लागली आणि अर्ध्या तासात रिदा धापा टाकत आला. "आली! आणि एकटी नाहीये!"

नजीबाही उठली. "थांब," वसीला म्हणाली. "चूक माझी, बोलणीही मीच खाणार." तिने पांढऱ्या कोटाची बटणं नीट लावली आणि दार उघडलं.

दारात चौदा-पंधरा बायका उभ्या होत्या. वाऱ्याने रुमाल विस्कटलेले, हातात पिशव्या. सगळ्यांच्या पुढे रुंद खांद्यांची एक.

"फोनवर बोललीस ती तूच का गं?"

"मीच." वसीला पुढे झाली. "तक्रार लिहायची असेल तर कागद देते."

"तक्रार कसली, बाई!" मब्रूकाने मागच्या बायकांना हाताला धरून पुढे ढकललं. "माझं काय ते बघच, पण यांनाही आत घे. आमच्या बेटावरची नर्स तपासणीला बोलावून बोलावून थकली, पण एक हलत नव्हती. म्हणायच्या, तिकडे कोण बघतंय, डोळे मिटून 'ठीक' लिहून देतात. मी म्हटलं, बघतात गं! एकदा बघून झालं तरी पुन्हा बघतात. आणि चुकलं, तर स्वतः फोन करून सांगतात!"