होडीचं गाऱ्हाणं

होडीच्या तळाच्या फळीतली फट गेल्या सोमवारी दोन सूत होती. आज पट्टीवर चार भरली. आमदार वत्सलाताई दर सोमवारी याच होडीतून खाडीपलीकडे लोकांची गाऱ्हाणी ऐकायला जात. होडी बंद केली तर पलीकडच्या गावांचा बाजार तुटेल, आणि बासष्टच्या निवडणुकीत तिथली मतंही जातील. म्हणून तीन महिने त्या गप्प होत्या. आज होडीत बत्तीस माणसं होती, त्यांत अकरा शाळकरी मुलं. पाणी घोट्याला लागलं. "भियालात काय ताईनू?" नावाडी बाबल हसला. "देवाक गाऱ्हाणां घालतंय. बा देवा म्हाराजा, ही होडी शिमग्यापर्यंत तारून ने रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने ओरडले, मुलं सर्वांत मोठ्याने. वत्सलाताईंनी काठाकडे पाहिलं. दोर अजून सुटला नव्हता. त्या उठल्या. "नाय म्हाराजा. उतरा सगळी. आजपासून होडी बंद."