एका घराची नोंद

तळसर गावात पोटाच्या कर्करोगाचे रुग्ण फार, हे देशाच्या सामाईक आरोग्यकोशात कुणालाही पाहता येऊ लागलं आणि गावातल्या तीन मुलींच्या ठरलेल्या सोयरिकी मोडल्या. ग्रामसभेनं ठराव केला की सगळ्यांनी आपापल्या नोंदी कोशातून काढून घ्यायच्या. आरोग्यसेविका इंदुमती यंत्र घेऊन दारोदार अंगठे घेत फिरली. पाचव्या दिवशी एकच घर उरलं, याच आजारात दोन मुलगे गमावलेल्या द्वारकाक्काचं.

"पोरांच्या नोंदीसुद्धा पुसतील?" अक्कानं विचारलं.

"हो, अक्का."

"मग ती कशानं गेली, ते कुणी शोधायचं?"

इंदुमती हळू आवाजात म्हणाली, "सगळं गाव निघाल्यावर तुमचं एकच घर राहील. मग कोशात नाव झाकलेलं असलं तरी नोंद कुणाची ते सगळ्यांना कळेल. आणि कावेरी लग्नाची आहे."

अक्कानं नातीकडे पाहिलं. कावेरीनं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले.

"माझ्या बापाची नोंद राहू द्या, ताई. पाहुण्यांनी विचारलं तर मीच सांगेन."

इंदुमतीनं यंत्र पिशवीत घातलं.

त्या घराच्या नोंदी दूरच्या दोन गावांतल्या नोंदींशी जुळल्या, आणि वर्षभरानं संशोधक तळसरला येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेले. दोष शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यात निघाला. पंपाला कुलूप लागलं त्या दिवशी सारं गाव अक्काच्या अंगणात येऊन नुसतं बसून राहिलं.

कावेरीचं लग्न मात्र अजून ठरलेलं नाही.