खोक्यातला कचरा

“हा सगळा कचरा आहे,” आर्किटेक्ट म्हणाला. खोक्यातली प्लॅस्टिकची चाकं, तारेचे दांडे आणि पंखाच्या झडपा हलवणाऱ्या चार इवल्याशा सर्वो मोटारी त्याने पंजाने टेबलाच्या कडेला लोटल्या.

“अहो, पण कंपनीने ते याच विमानासाठी दिलंय ना?” बायकोने विचारलं.

“कंपनीने ते माझ्या साडूसाठी दिलंय.”

साडू प्रूफरीडर होता. त्यालाही रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं हेच खोकं मिळालं होतं. तेच लाकूड, तोच लाल कागद. दोन्ही खोकी सासऱ्यांनी आणली होती. सासऱ्यांकडे सात वर्षं खपून हाताने केलेलं एक ग्लायडर होतं. तीन मीटर पंखांचं, बैठकीच्या छताला टांगलेलं. आता डोळे साथ देईनात म्हणून ते एका जावयाला द्यायचं ठरलं. ज्याचं विमान आखलेल्या वर्तुळात अलगद उतरेल, ग्लायडर त्याचं. अट एकच होती. बाहेरून विमान आहे तसंच ठेवायचं, आत काय वाटेल ते करा.

आर्किटेक्ट पहिल्यांदा त्या घरी गेला तेव्हा त्याने बायकोआधी ते ग्लायडर बघितलं होतं. दोन्हींपैकी एकच हाती लागलं, ही खंत त्याला अकरा वर्षं होती.

फोन वाजला. साडूच.

“दादा, चौदाव्या पानावर ‘वजन वाढवू नये’ असं तीनदा छापलंय. चुकून असेल की मुद्दाम?”

“साडूभाऊ, पुस्तिका वाचणाऱ्यांसाठी असते. बांधणारे बांधतात.”

“बरं. आणि बाबांना विचारून एकाच्या पंखाखाली पिवळी पट्टी लावायची का? वर गेल्यावर दोन्ही सारखीच दिसतील.”

“काही गरज नाही. कुठलं कोणाचं ते उडण्यावरूनच कळेल.”

फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, “याला आभाळातसुद्धा खाडाखोड करायचीय.”

मग सुधारणा सुरू झाल्या. प्लॅस्टिकच्या मोटारी गेल्या, धातूच्या दातेरी चाकांच्या आल्या. त्या जड, म्हणून नाकावरचा पंखा फिरवणारी मोटर मोठी आली. तिला बॅटरी पुरेना, म्हणून बॅटरी दुप्पट झाली. ती पोटात मावेना, म्हणून त्याने पोटातली एक आडवी फळी कापली. फळी गेल्यावर विमान मधोमध वाकायला लागलं, म्हणून आतून ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. आता नाक जमिनीकडे झुकलं, म्हणून शेपटीत शिसं भरलं. शिसं चिकटवताना अंगठाही चिकटला. कुरियरवाला आला तेव्हा आर्किटेक्टने शेपूट काखेत धरून डाव्या हाताने सही केली.

“काय झालं साहेब?” कुरियरवाल्याने विचारलं.

“सुधारणा,” आर्किटेक्ट म्हणाला.

बायकोने नेलपॉलिश रिमूव्हर ओतून त्याला विमानापासून वेगळं केलं. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन झालं. पुस्तिकेत नऊशे ग्रॅम होतं. काटा पंधराशेवर गेला.

“याला दर्जा म्हणतात. हातात घेतल्यावर कळलं पाहिजे,” तो म्हणाला.

“हातात कळतंय. पण उडायचंय ना ते?” बायको म्हणाली.

रविवारी सकाळी मैदानावर दोन्ही विमानं शेजारी शेजारी उभी राहिली. एका साच्यातली जुळी भावंडं.

“काय काय बदललंत, साडूभाऊ?”

“काहीच नाही, दादा. खोक्यात होतं तेच लावलं.”

आर्किटेक्टने सहानुभूतीने त्याचा खांदा थोपटला.

सासरे शिट्टी घेऊन खुर्चीत बसले. “जावईबापू, मी सांगेन तेव्हा दोघांनी एकदम वळवायचं. डावीकडे तीन वळणं, मग उतरवायचं. चला!”

प्रूफरीडरचं विमान दहा पावलांत वर गेलं. आर्किटेक्टचं अख्खं मैदान धावलं, कुंपणापाशी कसंबसं उचललं गेलं आणि झोकांड्या खात चढलं. मग दोन्ही सूर्यासमोरून गेली. आर्किटेक्टचे डोळे दिपले. त्याने ते चोळले आणि पुन्हा वर बघितलं तेव्हा त्याचं विमान सुतासारखं सरळ चाललं होतं.

“जम बसला! आता जम बसला!” तो ओरडला.

“डावीकडे!” सासऱ्यांनी शिट्टी मारली.

त्याने रिमोटची काठी सरकवली. विमान किंचित थांबून डौलात वळलं.

“बघितलंत? महागाची मोटर आहे. विचार करून वळते.”

तिकडे साडूचं विमान शेपूट लोंबकळत कसंबसं वळण घेत होतं. आर्किटेक्टला ते बघवेना, पण तो बघत होता.

“साडूभाऊ, पोटात दुखतंय का हो त्याच्या?”

प्रूफरीडरने अंगठ्याने आपली काठी हलकेच सरकवली.

दुसरं वळण झालं, तिसरं झालं. सासरे ओरडले, “वेग कमी करा. उतरवा!”

आर्किटेक्टने वेग कमी केला. त्याच क्षणी साडूचं विमान हवेत थबकलं आणि धोंड्यासारखं पलीकडच्या चरात पडलं. चिखल उडाला. एक चाक घरंगळत मैदानात आलं.

“अरेरे!” आर्किटेक्ट हसू दाबत म्हणाला. “तरी सांगत होतो, कचरा लावू नका. आता काठ्या कसल्या धरून बसलाय? सोडा, गेलं ते!”

“एक मिनिट हं, दादा,” प्रूफरीडर म्हणाला. त्याची नजर वरच होती.

उरलेलं लाल विमान हलकेच खाली आलं आणि बरोबर वर्तुळाच्या मधोमध टेकलं. एकही उडी नाही. सासऱ्यांनी लांब शिट्टी मारली. कडेला बसलेली बायको उभी राहिली. आर्किटेक्टने रिमोट गवतात टाकून दिला आणि दोन्ही हात आभाळाकडे उंचावले.

विमान सावकाश वळलं, गुरगुरत गवतातून आलं आणि प्रूफरीडरच्या चपलांपाशी येऊन उभं राहिलं.